रॅप-रॉकची सुरुवात १९८६ च्या आधीची

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रॅप आणि रॉकच्या मिलाफाची गोष्ट बहुतेकदा रन-डीएमसी हा रॅप गट आणि एरोस्मिथ हा रॉक बँड यांच्या १९८६ मधील ‘वॉक धिस वे’ या गाण्यापासून सांगितली जाते. हे त्याआधीच्या डीजेंवर अन्याय करणारे आहे. एरोस्मिथचे मूळ गाणे १९७५ चे. न्यूयॉर्कचे डीजे रॅपसाठी त्यातले फक्त सुरुवातीचे ड्रम उचलत. दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकड्यांवर, त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती ठेवायच्या, एकीवरचा ड्रमचा तुकडा संपत आला की दुसरी सोडायची आणि तेवढ्यात पहिली उलटी फिरवून जागेवर आणायची. हात क्षणभर उशिरा पडला की गिटार घुसते आणि रॅपरची लय तुटते. शिवाय रन-डीएमसीने १९८४ मध्येच ‘रॉक बॉक्स’मध्ये एडी मार्टिनेझची गिटार घेतली होती.

पुढे रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा गिटारवादक टॉम मोरेलो याने टर्नटेबलचे स्क्रॅचिंगच (रेकॉर्ड हाताने पुढे-मागे घासून काढलेला आवाज) गिटारवर आणले, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत कल्पक उडी तीच. तारांचा आवाज टिपणाऱ्या दोन पिकअपपैकी एकाचा व्हॉल्यूम शून्य, दुसऱ्याचा पूर्ण. एका हाताने तारा घासायच्या, दुसऱ्याने पिकअप बदलणारा टॉगल स्विच झपाझप हलवायचा. दोन्ही पिकअपना मिळून एकच व्हॉल्यूम असलेल्या गिटारवर हे साधत नाही, कारण आवाज बंद करणारी बाजूच उरत नाही.

नव्या बँडना एक कळकळीची सूचना: डिस्टॉर्शन (गिटारच्या आवाजाची खरखर) कमी ठेवा आणि रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, शब्दांना जागा सोडा. गिटार आणि आवाज दोन्ही मधल्या पट्टीत एकमेकांवर चढले की आधी व्यंजने बुडतात, आणि रॅप व्यंजनांवरच उभा असतो.

आपला,
एक वाचक, पुणे