काटापट्टी सॉफ्टवेअर मंद चालण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: ‘नेटवर्क तपासा’ हा शेरा मारून बंद केलेली तक्रार पुन्हा उघडणेबाबत

महोदय,

आमच्या जिनिंग कारखान्यात काटापट्टी (कापसाच्या वजनाची पावती) आणि चुकारा (शेतकऱ्याला द्यायचे पैसे) यांसाठी वापरल्या जाणाऱ्या तुमच्या काटा-चुकारा सॉफ्टवेअरमध्ये एका शेतकऱ्याचे खाते उघडायला ४० सेकंद लागतात. तीन तक्रारी नोंदवल्या, तिन्ही वरील शेऱ्यानिशी बंद झाल्या. नेटवर्क तपासले आहे. चौथ्यांदा तोच शेरा नको, म्हणून मोजमापासह लिहीत आहोत.

ऑफिसात सर्व्हर, चुकाऱ्याच्या खिडक्यांवर दोन संगणक, हिशेबाला एक आणि ७० मीटरवर काट्याच्या केबिनमध्ये एक, असे पाच संगणक आहेत. सर्व वायरने गिगाबिट स्विचला जोडलेले, वायफाय कुठेच नाही.

आमची चूक आधी सांगतो. काट्याचा संगणक १०० एमबीपीएसवरच, म्हणजे गिगाबिटच्या एक दशांश वेगाने, जोडला जात होता. १०० ला केबलमधल्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. कनेक्टरमध्ये तपकिरी जोडीची एक तार टेकतच नव्हती. नवा कनेक्टर दाबून बसवला (क्रिम्प केला). आता सर्व्हरवरून १ जीबीची फाइल दहा सेकंदांत उतरते. तुमचे खाते मात्र ४२ ऐवजी ४० सेकंदांत उघडू लागले, एवढाच फरक. अँटिव्हायरसमधून डेटा फोल्डर वगळले, आणखी सेकंदभर वाचला.

खरा घोळ विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये (कोणता प्रोग्राम किती डेटा ओढतो ते दाखवणाऱ्या खिडकीत) दिसतो. खात्यात नोंदी वीस-पंचवीस, पण ते उघडताना सर्व्हरकडून सुमारे ३८० एमबी येतात. म्हणजे प्रोग्राम पाच हंगामांच्या सगळ्या पावत्या वायरवरून ओढून आणतो आणि मग त्यातल्या हव्या त्या निवडतो. तुमच्या एमडीबी (मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या) डेटा फाइलचे एक पान, म्हणजे एका वेळी वाचला जाणारा तुकडा, ४ केबीचे. ३८० एमबीची ९७ हजारांवर पाने झाली. पानामागे ०.४ मिलिसेकंद धरले तरी ३९ सेकंद होतात, आणि घड्याळही तेच सांगते. तुमच्या माणसाने पिंग (सर्व्हरचे उत्तर किती वेळात येते याची चाचणी) करून ‘१ मिलिसेकंदाहून कमी’ पाहिले, तरी शेरा नेटवर्कचाच!

सकाळी एकच संगणक सुरू असताना हेच खाते ४ सेकंदांत उघडते. दुसऱ्याने फाइल उघडली की माहिती शिळी राहू नये म्हणून विंडोज पहिल्या संगणकावरची कॅशे (आधी आणलेल्या पानांची साठवलेली प्रत) वापरणे थांबवते, आणि प्रत्येक पान नव्याने सर्व्हरकडून मागवावे लागते. अशा वेळी रॅम वाढवून काय होणार?

नावाच्या शोधाने तर कहर केला आहे. ‘राऊत’ टाइप करताना प्रत्येक अक्षरागणिक नवा शोध सुटतो, तोही नावात कुठेही जुळणारा. अशा शोधाला इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) कामी येत नाही. स्क्रीन पांढरी पडते, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येते, काटेवाला पुन्हा बटण दाबतो आणि एकाच बंडीच्या दोन काटापट्ट्या वेगवेगळ्या क्रमांकांनी छापून निघतात. संध्याकाळी चुकाऱ्याचा मेळ बसत नाही तो यामुळे.

फाइल १.६ जीबीची झाली आहे, कॉम्पॅक्ट करून (मोकळी जागा काढून टाकून) १.४ वर येते. एमडीबीची मर्यादा २ जीबी. कापसाची आवक जोरात असताना ती गाठली, तर नवी नोंदच होणार नाही.

म्हणून आठ दिवसांत एवढे करून द्यावे: शेतकरी क्रमांक व तारखेवर इंडेक्स, खाते उघडताना फक्त चालू हंगामाच्या नोंदी, नावाचा शोध एंटर दाबल्यावरच आणि सुरुवातीच्या अक्षरांवरून, छपाईचे बटण एकदा दाबले की पट्टी निघेपर्यंत बंद. जुने तीन हंगाम वेगळ्या फाइलीत काढावेत, त्याआधी आमच्यासमोर बॅकअप घ्यावा. डेटा एसक्यूएल सर्व्हरवर न्यावाच लागेल, म्हणजे निवड सर्व्हरवर होऊन हव्या तेवढ्याच नोंदी वायरवर येतील. ते काम पुढच्या दसऱ्याआधी चालेल.

पहिली कामे होईपर्यंत वार्षिक देखभालीचे बिल थांबवले आहे. माणूस पाठवणार असाल तर दुपारी दोननंतर पाठवा. तेव्हा पाचही संगणक सुरू असतात. सकाळी आला तर त्याला सगळे ठीकच दिसेल.

आपले,
व्यवस्थापक व संगणक विभाग
जिनिंग-प्रेसिंग कारखाना, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

सोबत: रिसोर्स मॉनिटरचे स्क्रीनशॉट, दुहेरी काटापट्ट्यांच्या प्रती