हाँगकाँगच्या ताईंना, नागपूरहून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

व्हॉट्सअॅपवर 'थँक यू' आणि हात जोडल्याची दोन चित्रं पाठवून मोकळं होता आलं असतं. पण बाबा म्हणाले, "पत्र लिही, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिही." रेल्वेत गार्ड म्हणून उभी हयात काढलेला माणूस. कोणाचं काम चोख झालं की ते कागदावर यायलाच हवं, हा त्यांचा जुना हट्ट. म्हणून, तुम्ही गाईड होऊन आई-बाबांना आणि मला एक दिवस हाँगकाँग दाखवलंत, त्याबद्दल हे उघड पत्र. तुमचं नाव लिहू नका म्हणालात, ते पाळतो.

आदल्या दिवशी आम्ही एका बसटूरमध्ये होतो. झेंडी धरलेला गाईड पुढे, आम्ही मागे; उतरा, फोटो काढा, दहा मिनिटांत परत या. आईला बसच्या काचेतून जेवढं दिसलं तेवढंच हाँगकाँग. त्यामुळे सकाळी तुम्ही हॉटेलात आलात आणि प्रोग्रामचा कागद न काढता आधी विचारलंत, "काकू, जिने किती चढवतात? आणि काका, नोकरी कुठं केली जी?" तेव्हाच मला बरं वाटलं. 'जी' ऐकून आई तर खुललीच. तुमचं माहेर अमरावती कळल्यावर पुढचा अर्धा तास राजकमल चौकातच गेला, ते सोडा.

बाबा रेल्वेचे म्हटल्यावर तुम्ही बंदराआधी आम्हाला चिम शा चुईच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे नेलंत. 1915 सालचा, लाल विटांचा, 44 मीटर उंच. सगळे त्याच्याकडे पाठ करून समुद्राचे फोटो काढतात. कौलून-कँटन रेल्वेचं शेवटचं स्टेशन इथे होतं, 1975 साली ते हुंग होमला हललं, 1978 साली इमारत पाडली आणि लोकांनी लावून धरलं म्हणून मनोरा तेवढा राहिला, हे तुम्ही सांगितलंत. शेजारी आता बिनखिडक्यांचं सांस्कृतिक केंद्र आहे. समुद्रासमोर इमारत बांधायची आणि खिडकी ठेवायची नाही, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? बाबांना त्याचं काही नव्हतं. ते फलाट कुठून कुठपर्यंत असेल याचा अंदाज घेत पावलं मोजत निघाले आणि तुम्ही हातातल्या घड्याळाकडे न बघता त्यांच्याबरोबर चालत राहिलात.

मग स्टार फेरी. बंदराच्या पलीकडे, हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रलला जायला मेट्रो आहे, बोगदे आहेत, पण तुम्ही म्हणालात, बोटच. बाकांच्या पाठी इकडून तिकडे उलटतात, बोट वळत नाही, दोन्ही टोकं सारखीच. "म्हणजे लोकलसारखं. ड्रायव्हरनंच डबा बदलायचा," बाबा म्हणाले आणि उठून दोनदा बाकाची पाठ उलटवून पाहिली. लाकडाला चांदणीच्या आकाराची भोकं आहेत, ती त्यांनी बोट घालून तपासली. धक्क्याला लागताना निळ्या कपड्यातल्या खलाशानं लांब आकड्यानं दोर कसा ओढून घेतला, हे ते अजून घरी आलेल्या प्रत्येकाला हात करून दाखवतात.

पण मला लिहायचंय ते बोटीवरच्या बोलण्याबद्दल. ही फेरी एका मुंबईच्या पारशानं सुरू केली, दोराबजी नवरोजी मिठाईवाला, 1888 साली कंपनी काढली, एवढं सांगून तुम्ही थांबला असतात तरी चाललं असतं. बाबा सहज बोलून गेले, "आमचे वडील पण पारशाच्याच मिलमध्ये होते. एम्प्रेस मिल, नागपूर." तुम्ही एकदम वळलात. "मग काका, तुमच्या वडिलांचे मालक इथं राहून गेले आहेत!"

जमशेदजी टाटा 1859 साली, विशीत असताना, वडिलांच्या धंद्याची शाखा उघडायला हाँगकाँगला आले होते, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आजोबांनी ज्या मिलचा भोंगा आयुष्यभर ऐकला ती काढणारा माणूस मिलच्या कितीतरी आधी या बंदरात उतरला होता. मिल सुरू झाली 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. आणि आम्ही ज्या पाण्यावर होतो त्याचंही नाव व्हिक्टोरिया हार्बर. आईनं विचारलं, "धंदा कशाचा होता?" तुम्ही सरळ सांगितलंत: कापूस आणि अफू. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची, अफूवरूनच लढाई झाली आणि 1842 च्या तहात हे बेट इंग्रजांकडे गेलं. बाबांना ते जरा लागलं. "तेव्हा कायद्यानं चालत होतं ना?" त्यांनी विचारलं. "इंग्रजांच्या कायद्यानं, हाव. चीनच्या नाही," तुम्ही म्हणालात. पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला गोड तेवढंच सांगणारे गाईड भरपूर भेटतात. तुम्ही बाबांना ऐकायला जड जाईल ते सांगितलंत आणि त्यांना वाद घालू दिलात. तो वाद पलीकडच्या धक्क्यावरही चालू होता, आणि खरं सांगतो, इतके खुशीत ते बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते.

सेंट्रलमधले एचएसबीसी बँकेसमोरचे दोन कांस्य सिंह पाहिले, त्यांच्या अंगावरच्या महायुद्धातल्या खुणा पाहिल्या. वितळवायला जपानला नेलेले हे सिंह परत आले, हे ऐकून पुढे निघालो.

रविवार होता. बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पुठ्ठे अंथरून शेकडो फिलिपिनो बायका बसल्या होत्या. दुसऱ्यांच्या घरी राहून काम करणाऱ्या, आठवड्याच्या सुट्टीचा दिवस एकमेकींबरोबर काढणाऱ्या. कोणी केस विंचरतंय, कोणी पत्ते खेळतंय, कोणी फोनवर लेकराशी बोलतंय. इथून घाईनं पुढे न नेता तुम्ही आईला विचारलंत, "बसायचं का जरा?" आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही. पिशवीतला पातळ पोह्यांचा चिवडा मात्र दहा मिनिटांत संपला.

जेवणाचं थोडक्यात. मी सावजी खाणारा, पण आई कांद्यालाही विचार करते. तुम्ही बौद्ध शाकाहारी हॉटेल शोधलंत, तिथं सोयाचं 'बदक' पानात आलं. आई त्याच्याकडे बघत बसली. शेवटी तुम्ही स्वतः आधी खाऊन दाखवलंत तेव्हा कुठे तिनं हात लावला. बाबांना कापडी गाळणीतून काढलेला तिथला दुधाचा चहा आवडला. "कडक आहे," हा त्यांच्याकडचा वरचा शेरा.

पीक ट्रामला, म्हणजे दोरानं डोंगरावर ओढून नेणाऱ्या गाडीला, रांग मोठी होती. आई-बाबांसाठी सावलीतला बाक तुम्ही आधीच हेरून ठेवला होता. 1888 सालची लाईन, 1926 पर्यंत वाफेवर चालणारी. आताचे हिरवे डबे 2022 चे. दोन गाड्या, एक चढते तेव्हा दुसरी उतरते, ओढणारं यंत्र वर. चढताना बाहेरच्या इमारती तिरक्या झालेल्या दिसतात. आईनं माझा दंड घट्ट धरला होता आणि बाबा मान वळवून, दुसरी गाडी कुठं ओलांडते ते शोधत होते. वर गेल्यावर बंदर पाहायला त्यांना फारशी घाई नव्हती, आधी दोर कसा गुंडाळतात ते विचारायचं होतं.

हिवाळ्यात माहेरी याल तेव्हा नागपूरला एक दिवस काढा. बाबांनी आखून ठेवलाय: आधी मोतीबागचं नॅरो गेज म्युझियम, मग एम्प्रेस मिलची जागा, आता तिथं मॉल आहे. सकाळी तर्रीपोहे, दुपारी आईच्या हातची पाटोडीची भाजी.

आणि एक राहिलंच. पीक ट्रामचा दोर किती दिवसांनी बदलतात, हे तुम्ही विचारून सांगणार होतात. बाबा रोज विचारतात. तेवढं कळवा.

तुमचा,
नागपूरचा एक भाऊ