काटा अडतो त्या महिन्यांबद्दलही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन उतरवलेल्यांचे फोटो येतात. डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा, मध्ये बाण. माझा धंदा ब्लाउज शिवायचा, त्यामुळे माझी नजर आधी कपड्यांवर जाते. डावीकडे काखेत ताणलेला जुना कुर्ता आणि उजवीकडे अंगासरशी शिवलेला नवा, एवढ्यानेच निम्मा फरक पडतो हे मला दिसतं. त्याबद्दल काही म्हणणं नाही, धंदा आमचाही त्यावरच चालतो. माझं म्हणणं मधल्या बाणाबद्दल आहे. त्या बाणाच्या पोटात किती महिने काटा जागचा हलला नाही, हे कुठल्याच लेखात सांगितलेलं नसतं. वाचणाऱ्या बाईला वाटतं, सगळ्यांचं सरळ उतरतं, अडतं ते फक्त माझंच.

मी कऱ्हाडला राहते, पन्नाशी ओलांडली आहे, उंची पाच फूट एक इंच. गेल्या पावसाळ्यात वजन ७८ किलो होतं आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला. डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही, पण उंबऱ्यावर उभा आहे. चहातली साखर सोडली, रात्रीचा भात सोडला, सकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाच्या घाटावर चालायला लागले. दिवाळीच्या गर्दीत ब्लाउज शिवता शिवता वजन ७० वर आलं. गिऱ्हाइकं विचारायला लागली, काय करता म्हणून. आणि मग काटा जो बसला तो बसलाच. संक्रांत गेली, होळी गेली, आकडा ७०. खाणं तेच, चालणं तेच.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी मेथीचं पाणी सांगितलं, कुणी सोळा तासांचा उपास, कुणी एक चूर्ण आणून दिलं ज्याच्या डबीवर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. घरात ठरलं, "वय झालं, आता एवढंच." या शेवटच्या वाक्याने बायका सगळं सोडतात, हे मी दुकानात बसून बघते. चार महिन्यांपूर्वी आत घेतलेलं ब्लाउज उसवायला परत येतं. म्हणून मी शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, आमच्या भाषेत माया, कधी कापून टाकत नाही.

माझी भाची पुण्यात आहारशास्त्र शिकते. तिने कागद-पेन घेऊन समजावलं ते इथे लिहिते, कारण ते आपल्या पुरवणीत यायला हवं होतं. रोज ५०० कॅलरी कमी खा म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्धा किलो उतरेल, हे गणित आपल्या लेखांतही असतं. ते १९५८ सालचं आहे. मॅक्स विश्नोफ्स्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एक पौंड वजनामागे ३५०० कॅलरी असा हिशोब मांडला होता. चरबीच्या साठ्याचा हिशोब म्हणून तो ठीक आहे, पण पुढचे सगळे आठवडे त्याच दराने उतरत जातील असं धरलं की फसतो. ७८ किलोची बाई जेवढी ऊर्जा जाळते तेवढी ७० किलोची जाळत नाही. त्याच घाटावर तेवढंच चाललं तरी आठ किलोंचं ओझं कमी वाहिलं जातं, म्हणून खर्चही कमी. पावसाळ्यात जी कपात होती, ती होळीपर्यंत बेरीज-वजाबाकी होऊन शून्यावर येते. सुरुवातीला जे भराभर उतरतं त्यातलं बरंच पाणी असतं. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम साखरेमागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा घटला की तेही जातं. एखाद्या लग्नात जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसतं तेही बहुतेक हेच. चरबी एका जेवणात दीड किलो चढत नाही.

त्यावर शरीर आणखी हात आखडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं चौथा हिस्सा वजन गेलं आणि स्वस्थ पडल्या पडल्या शरीर जी ऊर्जा जाळतं, ती सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. शरीर लहान झालं म्हणून काही, आणि त्यावर आणखी काही शरीराने स्वतःहून वाचवली. त्या पोरांना सतत थंडी वाजायची आणि ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. हे ऐकून मला हसू आलं, कारण अडलेल्या महिन्यांत मीही रात्री मोबाइलवर पुरणपोळीचे व्हिडिओ बघत होते.

भुकेचं गणित तर याहून मोठं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. माझ्या आठ किलोंमागे किती होतात ते वाचकांनी करावं. रात्री नऊला हात लाडवाच्या डब्याकडे जातो त्याला सासवा "जिभेचे चोचले" म्हणत आल्या. शरीर आपलं गेलेलं वजन परत मागत असतं. हे कळल्यावर माझी स्वतःवरची निम्मी चिडचिड गेली, आणि खरं सांगायचं तर पुढचे महिने टिकले ते त्यामुळे.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनीही हे अडणं चुकत नाही. २०२५ पासून ती आपल्याकडे मिळतात, आणि पुण्याच्या एक-दोन गिऱ्हाइकांनी घेतली आहेत. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, पण शेवटच्या आठवड्यांत रेघ सपाट होत गेली. महागडं औषध घेऊन जिथे थांबतं, तिथे माझी भाकरी-उसळ कोण लागून गेली?

भाचीने आणखी एक केलं. माझं तेल मोजलं. मी पळीने ओतते, आणि माझी पळी गेल्या काही महिन्यांत जरा भरून निघायला लागली होती. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी. आमच्याकडे प्रत्येक भाजीत कूट पडतं. मूठभर शेंगदाणे म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, आणि ते आपण जेवणात धरतच नाही. तेलाला चमचा आला, कूट निम्मं झालं. घरच्यांनी दोन दिवस नाकं मुरडली. शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून तिने मशीनच्या टेबलाला धरून उठाबशा लावल्या आणि रात्रीच्या जेवणात वाटीभर उसळ वाढवली. मांड्या दुखल्या. अजूनही त्या उठाबशांवर माझं प्रेम बसलेलं नाही.

आता माझ्या धंद्याचं. माझ्याकडे गिऱ्हाइकांची मापवही आहे, वीस वर्षांपूर्वीची मापंही त्यात सापडतील. भाचीच्या सांगण्यावरून एक पान माझं उघडलं. छाती, कंबर, दंड, तारीख. माप घेताना श्वास सोडायचा. सगळ्या बायका टेप लावला की पोट आत घेतात आणि मग ब्लाउज घट्ट झालं म्हणून माझ्याशी भांडतात, म्हणून हे आवर्जून लिहिते. काटा ७० वर बसलेला असताना कंबर साडेसदतीसवरून छत्तीसवर आली. सुरुवात एक्केचाळीसपासून होती. भारतीय बायकांसाठी डॉक्टर ८० सेंटिमीटरची, म्हणजे साडेएकतीस इंचांची रेघ सांगतात, तेव्हा मला अजून बराच पल्ला आहे. पण ज्या महिन्यांत "काहीच होत नाही" म्हणून मी सोडून देणार होते, त्या महिन्यांत टेप बोलत होता. उन्हाळ्यात साखरेचा आकडा ५.८ आला.

पोटाचा घेर आपल्या लोकांत इतका का बघायचा, याची चर्चा पुण्यातूनच जगभर गेली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच! पुरवणीत फोटोच छापायचे असतील तर हा छापा.

आणि चेन्नईचा अभ्यासही. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबऱ्यावर उभ्या असलेल्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं, २००६ मध्ये निष्कर्ष आले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, चालणं आणि खाणं सुधारायला लावलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं. मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक अडलेल्या बाईला सांगते.

हे सगळं लिहायला निमित्त झालं आमच्या भागातल्या एका महिला मंडळाच्या 'वजन घटवा' स्पर्धेचं. मंडळाचं नाव लिहीत नाही, बायका ओळखीच्या आहेत. बक्षीस होतं उतरलेल्या किलोंवर. शेवटच्या दिवशी मोजणीआधी बायका सकाळपासून पाणी न पिता उन्हात रांगेत उभ्या, एकीला घेरी आली. पहिला नंबर आला तिचे किलो आठवड्याभरात परत आले. माझी एक गिऱ्हाईक, जिचं ब्लाउज मी त्या तीन महिन्यांत दोनदा आत घेतलं, तिचा काटा अर्ध्या किलोने हलला होता. तिला टाळ्यासुद्धा मिळाल्या नाहीत आणि तिने चालणं बंद केलं. तिला परत घाटावर आणायला मला शिलाई कमी करायचं आमिष दाखवावं लागलं.

तेव्हा संपादक महाशय, माझ्या तीन मागण्या आहेत. आधीचा-नंतरचा फोटो छापाल तेव्हा दोन्हींखाली तारीख द्या आणि त्याच माणसाला दोन वर्षांनी पुन्हा विचारा. वजनाबरोबर कंबरेचं माप छापा. आणि महिन्यातून एकदा तरी अशा कुणाचं लिहून घ्या ज्याचं वजन सध्या अडलेलं आहे आणि जो तरीही चालतो आहे. आमच्या घाटावर सकाळी सहाला या, पाच-सहा जणी तर लगेच मिळतील. माझं म्हणाल तर आषाढात काटा ६९ झाला. पुढे अडला आहे.

आपली वाचक,
कऱ्हाड, जि. सातारा

(कृपया नाव छापू नये. गिऱ्हाइकं आपापली मापं ओळखतील.)