आई-बाबा, दिवाळीला आम्ही तिघं येतोय

पुणे,
29 ऑक्टोबर 2023

तीर्थरूप आई-बाबांस,
सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल कोजागिरी झाली. ग्रहणामुळे दूध आटवायचं की नाही यावर सोसायटीत दोन दिवस वाद चालला, शेवटी सगळे आठलाच पिऊन झोपले. मला झोप आली नाही. दसऱ्याला मी सांगायला लागले, की आपली रेणू मुलगी नाही, मुलगा आहे, आणि बाबांनी मधेच फोन ठेवला. त्यानंतर मी तीनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत कट केला. फोनवर मला तुमच्याशी नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र.

बाबा, तुम्ही म्हणालात, "हे मोबाईलमधून आलेलं खूळ आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं." आई मागे उभी होती, तिच्या बांगड्या ऐकू आल्या. ती काहीच बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

कारण आई, तुझ्या वेळी होतं. तुझ्या पाठचाच होता.

शंकरमामाचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही, मी आज काढते. तूच एकदा जात्यापाशी बसून सांगितलं होतंस, की तो लहानपणी तुझा परकर नेसून आरशासमोर उभा राहायचा आणि आजोबा चाबकाने मारायचे. मग त्याच्या केसांत जट आली. जट आली म्हणजे देवीने मागितला, असं ठरलं आणि मारणं थांबलं. त्याला सौंदत्तीला यल्लमाच्या देवळात नेऊन गळ्यात मण्यांची माळ घातली. तो जोगता झाला, म्हणजे देवीला वाहिलेला, साडी नेसायला लागला. काल ज्याला फोडून काढत होते त्याच्या पायावर गाव डोकं ठेवायला लागलं.

मला आठवतं ते त्यानंतरचं. मंगळवारी-शुक्रवारी तो परडी घेऊन दारात यायचा. "आई उदे" ऐकू आलं की तू सूप भरून जोंधळे घेऊन जायचीस, परडीत ओतायचीस, वाकून नमस्कार करायचीस, तो तुझ्या कपाळाला भंडारा लावायचा. पण उंबऱ्याच्या आत तू त्याला एकदाही घेतलं नाहीस. सख्खा भाऊ. पाणीसुद्धा पायरीवर. आणि भाऊबीजेला तू अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायचीस, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तशी. मी विचारलं होतं, "आई, तुला तर मामा आहे ना?" तू निरांजन घेऊन आत निघून गेलीस.

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. आजी आणि बाबांची बहीण घरात असताना तू काय करू शकली असतीस? पण 'नव्हतं' असं म्हणू नका.

आता तुमच्या नातवाबद्दल.

नातू लिहिताना माझाही हात अजून थबकतो. वीस वर्षं नात म्हटलं. तोंडातून 'आली का गं' निघून जातं, मग मी जीभ चावते. तो हसतो. पहिल्यांदा हसत नव्हता.

गंमत सांगू? आम्हाला कळायला उशीर झाला तो आपल्या कोल्हापुरी बोलीमुळे. रेणू तीन वर्षांची असल्यापासून 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणायची. इथल्या शाळेतल्या बाईंनी तक्रार केली, तेव्हा मी छाती काढून सांगितलं, आमच्या गडहिंग्लजकडे बायकासुद्धा 'मी आलो'च म्हणतात, आजीकडून उचललंय. लग्न होऊन पुण्यात आल्यावर मला याच 'आलो'साठी किती जण हसले होते! मी ते सोडून दिलं. पोराने सोडलं नाही. मला वाटलं, आजीची भाषा जपतंय. ते स्वतःचं सांगत होतं.

आणि आई, तूच ना म्हणायचीस, "पोरगी न्हवं ही, गडी हाय गडी"? वैरणीचा भारा उचलला की शेजारणींना बोलावून दाखवायचीस. मुलगी गड्यासारखी निघाली की कौतुक होतं. ती खरंच गडी आहे म्हणाली की फोन ठेवला जातो.

मामापेक्षा याचं एका परीने अवघड आहे, हे माझं मला उशिरा उमगलं. मामाला चाबूक मिळाला, भीक मागावी लागली, पण त्याच्यासाठी एक शब्द तरी होता, एक देवी होती, बरोबर चालणारी चार माणसं होती. मुलगी म्हणून जन्मून मुलगा असणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दच सापडत नाही. अशा मुलींची मुकाट लग्नं लावली गेली. त्यातल्या किती विहिरीत गेल्या, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

बाबा, तुम्ही कागदावर विश्वास ठेवणारे, म्हणून तुमच्यासाठी कागदाचं लिहिते. 1991 च्या जनगणनेला मी तुमच्याबरोबर फिरले होते, याद्या धरायला. देवळामागच्या खोलीत तिघी-चौघी जोगते राहायचे. फॉर्मवर दोनच पर्याय. तुम्ही पेन थांबवलंत, मग सगळ्यांपुढे 'पुरुष' लिहिलंत. एकाने विचारलं, "मास्तर, कागदावर आमचं घर न्हाई व्हय?" तुम्ही घरी येऊन दोनदा चहा प्यायलात आणि हिशोबाच्या वहीत डोकं घातलंत.

ते घर 2011 च्या जनगणनेत झालं. 'इतर' म्हणून देशभरात 4,87,803 माणसं मोजली गेली, महाराष्ट्रात सुमारे 41 हजार. मला तो आकडा खरा वाटत नाही. दारात उभ्या असलेल्या मास्तरांना किती जणांनी खरं सांगितलं असेल?

इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात एक भागच या लोकांसाठी ठेवला होता. पोलिसांकडे नाव नोंदवायचं, आणि बायकी कपड्यांत चारचौघांत दिसलं किंवा नाचलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. तो अंमल उत्तरेकडे होता, आपल्या संस्थानात नव्हता. पण ती नजर मात्र सगळीकडे पोचली. तिथून 15 एप्रिल 2014 पर्यंत यायला आपल्याला 143 वर्षं लागली. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने सांगायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालायची नाही. पुढे 2019 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आणलं, पण त्यावर सरळ 'पुरुष' लिहून हवं असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला जोडायला लावला. एका हाताने दिलं, दुसऱ्याने धरून ठेवलं. आपल्याकडे असंच असतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने 2017 साली तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. गाव म्हणजे मागासलेलं आणि पुणे म्हणजे पुढारलेलं, असं काही नसतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी लिफ्टमध्ये याच्याकडे बघून जे म्हटलं ते मी तुम्हाला लिहिणार नाही.

डॉक्टरांना दाखवलं का, हे तुम्ही विचारलंत. दाखवलं. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आधी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक आजारांच्या यादीतून हे काढून टाकलंय, नवी यादी 2022 पासून लागू आहे. उपचार लागलाच तर तो चार वर्षं न झोपलेल्या मुलाच्या मनाला. आता तो झोपतो.

नाव बदललंय. आई, तू ठेवलेलं नाव गेलं म्हणून तुला वाईट वाटणार, मलाही वाटलं. पण ऐक. 2003 साली, मी बाळंतपणाला यायच्या आधी, बाबांनी आंतरदेशीय पत्रावर दोन नावं कळवली होती. मुलगी झाली तर रेणुका, आईच्या इच्छेने. मुलगा झाला तर सारंग. ते पत्र माझ्या कपाटात होतं. पोराने ते वाचलं आणि म्हणाला, "दुसरं नाव अजून रिकामंच आहे की." तर तो सारंग आहे. आजीने रेणू म्हटलं तरी चालेल म्हणतो, फक्त पुढे 'कुठं गेलेलास' म्हणायचं.

आम्ही धनत्रयोदशीला सकाळच्या गाडीने निघतो, संध्याकाळपर्यंत पोचू. त्याचा आवाज थोडा फुटलाय, केस बारीक आहेत, दचकू नका. चकल्या मी करून आणते, आईने गुडघ्यांचे हाल करून घेऊ नयेत. भाऊबीजेला दादाची वैष्णवी पाट मांडेल. दरवर्षी दोघी मिळून तिच्या भावाला, विराजला ओवाळायच्या. यंदा सारंग पाटावर बसणार आहे. वैष्णवीने फोनवर विचारलं, "मग मला ओवाळणी दोघांकडून ना?" तिचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

आई, मामाचा एक फोटो तुझ्या ट्रंकेत पातळांच्या खाली आहे, मला माहीत आहे. हिरवी साडी, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेला. सारंगला तो बघायचाय. काढून ठेवशील?

तुमची,
सुनंदा