दादासाहेब तेव्हा खासदारच होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्यावरचा कालचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आला, २ मार्च १९३० ही तारीख आली, १९६८ ची पद्मश्री आली. भूमिहीनांच्या सत्याग्रहाला मात्र अर्धं वाक्य! वर लेखक निकाल देऊन मोकळे : खासदारकी मिळाल्यावर त्यांच्यातला चळवळीचा माणूस मागे पडला.

साफ चूक. १९५७ ला दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि १९५९ ला त्यांच्या हाकेवर मराठवाड्यात, आपल्या खानदेशात भूमिहीन सत्याग्रहाला उभे राहिले. १९६२ ला राज्यसभेवर गेले आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभरचे तुरुंग भरले. दोन्ही वेळा ते खासदारच होते. मग मागे काय पडलं?

त्या डिसेंबरात माझा बाप जेलात गेला. पारोळा तालुक्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी होता. कापसाची वेचणी चालू, मालक नको म्हणत होता, तरी गेला. अठरा दिवस आत होता. सुटून आल्यावर मालकाने ते अठरा दिवस वहीत खाडे म्हणून मांडले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाकी सालदारांचं साल फिटलं, ते मोकळे झाले. बाप मात्र पुढचे अठरा दिवस फुकट राबला. मी सहा वर्षांचा होतो, भाकरी घेऊन शेतात जायचो. वैशाखाच्या उन्हात तो एकटा वखर हाकत असायचा. 'मना जेलना दिन खाडामा धरात,' एवढंच पुढे सांगायचा. दादासाहेबांविषयी तक्रारीचा एक शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नाही.

१९६४ च्या त्या सत्याग्रहात पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसोबत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, हीही मागणी होती. ते लागलं १२ एप्रिल १९९० ला. दादासाहेब १९७१ लाच गेले होते. बापही तैलचित्र लागण्याच्या चार वर्षं आधी गेला.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. दादासाहेबांच्या नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला सरकार जमीन विकत घेऊन देतं, चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत. माझी भावजय विधवा आहे, दुसऱ्याच्या शेतात निंदणी-वेचणी करते. पाच वर्षांपूर्वी तिने अर्ज दिला. दरवेळी एकच उत्तर : सरकारी दरात जमीन विकायला कुणी तयार नाही. आमच्या भागातला आजचा भाव बघून तो दर ठरवायला नको का? यावर आपल्या वार्ताहराने एकदा तरी लिहावं.

लेखाची दुरुस्ती छापा, ही विनंती. १९५९ आणि १९६४ ही दोन सालं आणि तेव्हा ते खासदार होते, एवढं आलं तरी चालेल. कात्रण मला भावजयीच्या पोरांना वाचून दाखवायचं आहे.

आपला,
एका सालदाराचा मुलगा
ता. पारोळा, जि. जळगाव