खालचा जी-फ्लॅट

फोंडा, २० जुलै

प्रिय मित्रा,

मार्चनंतर तुला एक ओळ नाही. रागाव, पण आधी वाच. आमची सगळ्यांची तब्येत ठीक, आईचे गुडघे पावसात दुखतात तेवढंच.

शूबर्टच्या शेवटच्या, बी-फ्लॅट पियानो सोनाटाचा आठवा बार, म्हणजे तालाचा आठवा खंड, आठवतो ना? डाव्या हाताचा तो खोल जी-फ्लॅट सुराचा ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन सूर भराभर आलटून-पालटून, पियानिसिमो, अगदी हळू आवाजात, आणि मग शांतता. आमच्या अपराइटची, म्हणजे उभ्या पियानोची, नेमकी तीच पट्टी वर यायला आळस करते. थोरल्या बॅचमधल्या मुलीला डिसेंबरात हा सोनाटा वाजवायचाय. काल तिने ट्रिल घेतला तो दारावर थाप मारल्यासारखा. पट्टी साथ देत नाही म्हणून बोटांनी नकळत जोर लावला.

मला खाते ती काळजी हीच. ट्यूनिंग उतरलं तर पुन्हा लावता येतं, हाताला लागलेली सवय निघत नाही. पावसाचे चार महिने ओलीने जड झालेल्या पट्ट्यांवर मुलं दाबायला शिकतात आणि नोव्हेंबरात पियानो सुकला की सगळं दणक्यात वाजवतात.

पेडल दाबून, तारांना गप्प ठेवणारे डॅम्पर उचलून, पट्टीच्या पुढच्या कडेवर दहा रुपयांची नाणी रचली. एक नाणं पावणेआठ ग्रॅमचं. निरोगी पट्टी पन्नासेक ग्रॅमला, म्हणजे सहा-सात नाण्यांना खाली बसते. ही दहाला बसली! मग पुढचं झाकण काढून तारेवर आपटणारा हॅमर बोटाने तारेकडे ढकलून सोडला. तो रेंगाळत परतला. म्हणजे दोष पट्टीखालच्या फेल्टचा नाही, फ्लँजमधल्या, म्हणजे हॅमरच्या बिजागरीतल्या, सेंटर पिनचा. तिथलं कापड ओल पिऊन फुगतं आणि पिनेला आवळून धरतं. तेल मात्र कुणाला घालू देऊ नये. दोन दिवस बरं वाटतं, मग धूळ धरून चिकट होतं.

त्यात ग्रँडवर, म्हणजे आडव्या पियानोवर, पट्टी अर्धी वर आली तरी तोच सूर पुन्हा वाजतो, पियानो बनवणाऱ्या एरारच्या १८२१ च्या युक्तीमुळे. अपराइटवर ती जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. म्हणजे ओल आली की सगळ्यात आधी मरतो तो हळू आवाजातला ट्रिलच. मुलीला कसं समजावू, की चूक तुझी नाही, तरी कान तुझेच हवेत?

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास, एसी लाव. अरे, शिकवणीचे दोन तास एसी आणि बाकी बावीस तास चिऱ्याच्या भिंतींची ओल, हे न लावण्याहून वाईट. आर्द्रता नव्वदवरून पंचावन्नवर येते आणि रात्री परत नव्वद. साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची लाकडी फळी, फुगतो, आकसतो, मधल्या सप्तकांचे सूर चढतात-उतरतात आणि ट्यूनिंग महिनाभरही टिकत नाही. त्यापेक्षा कमी वॅटचा हीटर रॉड तळाशी, आर्द्रता जास्त झाली की चालू करणाऱ्या स्विचसकट, दिवसरात्र. पियानो बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे. इथे तू चुकलास, पेडलच्या बाबतीत मात्र तूच बरोबर होतास, हे आज लिहून देतो.

सध्या मुलीला ट्रिल दोन सप्तकं वर, सुट्या पट्ट्यांवर वाजवायला लावलाय. बोटं पट्टीला चिकटलेली, मनगट सैल, आधी चार सूर, मग आठ. खालची जागा ती फक्त मनात ऐकते.

तुझ्या नव्या नोकरीचं अभिनंदन राहूनच गेलं. वहिनींना नमस्कार, धाकटीने व्हायोलिन सोडलं हे खरं का?

चतुर्थीला येशील तेव्हा पुण्याहून सेंटर पिना आण, साडेवीस आणि एकवीस नंबरच्या, प्रत्येकी पन्नास. फ्लँज काढून ठेवतो, बसवताना तुझे बारीक डोळे हवेत.

तुझाच,
दादा