गेलेले टॅब परत येतात, बाबा

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, नदीच्या पातळीची तुमची उघडी पानं गेलेली नाहीत. फुलीवर चुकून क्लिक झालं की खिडकी बंद होते, पण कोणते टॅब उघडे होते याची नोंद क्रोममध्ये राहते. फोनवर तुमचा आवाज फार उतरला होता, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

क्रोम उघडा. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरा आणि टी दाबा. जे सगळ्यात शेवटी बंद झालं ते आधी उघडतं. मधे दुसरं काही उघडून मिटलं असेल तर पहिल्यांदा तेच येईल. पुन्हा टी दाबायचा. तरी नाहीच आलं तर कंट्रोल आणि एच. तिथं मागच्या 90 दिवसांत पाहिलेली पानं तारीखवार असतात.

एक मात्र लक्षात घ्या. टॅबबरोबर पानाचा पत्ता परत येतो, आतला मजकूर नव्यानं येतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची परवा रात्रीची पाण्याची पातळी तिथं दिसणार नाही, आत्ताची दिसेल. इशारा 39 फुटांना आणि धोका 43 ला, हे कोल्हापुरात पोरांनाही पाठ आहे. पण पंचगंगा कोणत्या तासाला किती इंच चढली, हा हिशोब 2019 ला शाहूपुरीत पाणी आल्यापासून तुम्ही एकटे ठेवताय, आणि गल्लीतले लोक तुम्हाला विचारून सामान हलवतात. तो हिशोब टॅबच्या भरवशावर राहू नये असं मला मनापासून वाटतं. आकडा दिसला की वहीत उतरवा. किंवा कंट्रोल आणि पी दाबून पान पीडीएफ करून ठेवा.

आई, हरिप्रिया एक्सप्रेसच्या तिकिटाचा तुझा अर्धवट फॉर्म बहुतेक पुन्हा भरावा लागेल, टाइप केलेलं सहसा परत येत नाही. तिरुपतीच्या तारखा कळव, मीच काढते.

पुढच्या वेळेसाठी सेटिंग्जमध्ये 'ऑन स्टार्टअप' आहे, तिथं 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडा. मग क्रोम उघडला की आदल्या वेळचे टॅब आपोआप येतील. आणि त्या काळ्या, इन्कॉग्निटो खिडकीत ही कामं करू नका. ती मिटली की तिच्यातलं काहीच परत मिळत नाही.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की तुम्ही रात्रभर जागता, हे आईनं सांगितलं. जागा, पण मधूनमधून पडत जा. आणि पाणी 39 च्या वर गेलं की कितीही वाजले तरी मला फोन करा. कॉम्प्युटर माळ्यावर चढवायला शेजारच्यांना हाक मारा, एकट्यानं उचलू नका.

तुमची,
लेक